कॅम्पबेल, तालुका मिरज

आमच्या घरात आडनाव म्हणजे खोकल्याचं कारण होतं. बाबांना कुणी मराठी माणसानं नाव विचारलं, की "भास्कर" एवढं ते खणखणीत सांगायचे आणि आडनावाची पाळी आली की त्यांना ठसका लागायचा. त्या ठसक्यात "कांबळे" बुडून जायचं आणि ठसका संपला की "मिरजेकडचे" तेवढं ऐकू यायचं. मी लहान असताना मला खरंच वाटायचं, की आडनाव सांगायची हीच पद्धत असते. शाळेत पहिल्या दिवशी टीचरनं पूर्ण नाव विचारलं तेव्हा मी "सुजाता" म्हणून व्यवस्थित खोकले, आणि टीचरनं मला नर्सकडे पाठवून दिलं.

ठसक्याचं मूळ मला बऱ्याच उशिरा कळलं. सिंगापुरात दोन मराठी माणसं भेटली की आधी आनंद, मग गाव, मग आडनाव, हा क्रम ठरलेला. लिटिल इंडियातल्या एका किराणा दुकानात आम्हाला एक काकू भेटल्या. मूळच्या पुण्याच्या, आवाज गोड, बोलणं अघळपघळ. थालीपिठाच्या भाजणीवरून त्यांची आणि आईची अशी गट्टी जमली, की पुढच्या रविवारी पुरणपोळीला यायचं आमंत्रण त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. बाबा खोकले. काकूंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली, बाबा पाणी प्यायले, आणि काकूंनी पुन्हा विचारलं. आता खोकायला काही निमित्त उरलं नव्हतं. "कांबळे," बाबा म्हणाले. काकू "अच्छा, अच्छा, छान" म्हणाल्या, पण म्हणताना त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली गेला आणि तिथेच राहिला. त्या पुरणपोळीची आम्ही अजून वाट पाहतोय. आपल्याकडे आडनावावरून जात कळते आणि जात कळली की काही लोकांना रविवारी अचानक काम निघतं, हे मला त्या दिवशी समजलं. मला राग आला होता. बाबांना राग आला नाही, ते नुसती किराण्याची पिशवी उचलून चालू लागले, आणि त्याचा मला जास्त राग आला.

सिंगापूरच्या बाकीच्या जनतेला आमच्या आडनावातलं यातलं काहीच ऐकू येत नसे. त्यांना वेगळंच ऐकू यायचं. आमचं इंग्रजी स्पेलिंग वाचणारा प्रत्येक जण त्याचं "कॅम्बल" करायचा. आता कॅम्पबेल हे स्कॉटलंडमधलं एक बडं आडनाव आहे. आपण मराठीत ते मधल्या 'पी' या अक्षरासकट म्हणतो, पण ज्यांचं ते आहे ती मंडळी पी गिळून टाकतात आणि "कॅम्बल" एवढंच म्हणतात. त्यामुळे पॉलिक्लिनिकमध्ये नर्सनं "मिस्टर कॅम्बल" अशी हाक मारली की सगळे लोक माना वळवून एखादा लालबुंद गोरा साहेब शोधायचे, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून आमचे बाबा उठायचे: बुटके, सावळे, मिशीवाले, हातात आईनं दिलेली कापडी पिशवी. मला अजूनही तशीच हाक मारतात. परवा चाळिशीच्या चष्म्यासाठी डोळे तपासायला गेले तेव्हा एका चिनी आजोबांनी माझ्याकडे बघून आपल्या बायकोला सांगितलं, की हल्ली गोऱ्यांचं काही खरं राहिलेलं नाही.

या "कॅम्बल"पायीच बाबांच्या आयुष्यात चीफ आले. बाबा मरीन इंजिनिअर. तरुणपणी पहिल्यांदा जहाजावर चढले तेव्हा इंजिनरूममध्ये एक उंच, तांबड्या भुवयांचा चीफ इंजिनिअर उभा होता. जहाजावर सगळे एकमेकांना आडनावानंच ओळखतात, तिथे खोकून भागत नाही. बाबा म्हणाले, "कांबळे, सर." चीफनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "कॅम्बल? मीही कॅम्बल. कुठल्या बाजूचा तू?" बाबा घाबरून म्हणाले, "मिरजेकडचा." चीफना वाटलं ही स्कॉटलंडमधली आपल्याला ठाऊक नसलेली एखादी दरी असावी. गैरसमज दुसऱ्याच दिवशी दूर झाला, पण तोवर चीफनी बाबांना "कझिन" म्हणायला सुरुवात केली होती आणि ती कधी थांबली नाही. पुढे दोघंही समुद्र सोडून हार्बरफ्रंटच्या एकाच शिपिंग ऑफिसात आले. बाबा इतर कुणाच्याही समोर खोकायचे, चीफच्या समोर कधीच नाही.

आमचा फ्लॅट सेरंगूनला. बाबांचं ऑफिस, आईचा किराणा आणि आमचं घर, सगळं एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, एकाच जांभळ्या लाइनवर होतं, आणि आई म्हणायची की आपलं आयुष्य चुकूनही लाइन बदलत नाही. सरकारनं प्रत्येक फ्लॅटला एक बॉम्ब शेल्टर दिलेलं असतं, जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली. शत्रू कधी आलाच नाही, म्हणून आईनं तिथे कांदे, लसूण, कोल्हापुरी चटणीच्या बरण्या आणि मिरजेहून बाबांच्या चुलत्यांनी पाठवलेली काळी घोंगडी ठेवली होती. घामानं अंगाला कपडे चिकटणाऱ्या या गावात घोंगडीचा उपयोग काय, असं चुलत्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती. शेल्टरचं दार उघडलं की मेंढीचा आणि लसणीचा एकत्र वास यायचा. रविवारी सकाळी हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे आम्ही वंदना म्हणायचो, शेजारच्या फ्लॅटमध्ये माहजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्या खडखडायच्या, आणि साडेबाराच्या सुमाराला चीफ यायचे. दारात बूट काढताना त्यांच्या मोज्यांना भोकं दिसायची आणि आई दर वेळी "एवढा मोठा साहेब" म्हणून हळहळायची.

चीफचं इंग्रजी आईला कळत नसे. ते आम्हालाही कळत नसे, पण आम्ही शिकलेले असल्यामुळे मान डोलवायचो. आईचं आणि त्यांचं मात्र उत्तम चालायचं, कारण आई सरळ मराठीत बोलायची. एका रविवारी चीफनी डब्यातून हॅगिस आणलं. मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे बारीक करून, ओटाच्या पिठात कालवून मेंढीच्याच पोटात भरतात, आणि हे त्यांचं राष्ट्रीय पक्वान्न आहे. चीफनी फार गंभीरपणे ते आईपुढे ठेवलं. त्यांनी आजवर ज्या-ज्या परदेशी माणसाला ते दिलं, तो टेबलावरून उठून गेला होता. आईनं बोटानं चव घेतली, दोन क्षण विचार केला आणि म्हणाली, "अहो, ही तर वजडी. बिचारे मसाला घालायला विसरलेत." पुढच्या रविवारी तिनं लिटिल इंडियातून बकऱ्याची आतडी-पोट आणून, तासभर घासून धुऊन, सुकं खोबरं आणि कांदालसूण चटणी घालून आमची वजडी केली. चीफनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते तिखटानं होतं की जिव्हाळ्यानं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. त्यांनी तीन वेळा वाढून घेतलं.

त्याच दुपारी आडनावांच्या अर्थाची देवाणघेवाण झाली. कांबळे हे कांबळं म्हणजे घोंगडी यावरून आलं असावं, असं बाबांनी सांगितलं. खरंखोटं मला माहीत नाही, पण आमच्याकडे तसंच सांगतात. पुरावा म्हणून त्यांनी शेल्टरमधून घोंगडी काढून आणली. चीफनी ती हातात घेतली, नाकाला लावली आणि खुर्चीवरून उठलेच. त्यांचं म्हणणं, त्यांचा तो चौकड्यांचा घागरा, म्हणजे किल्ट, हल्लीचा. पूर्वी त्यांचे लोक एक लांबच लांब घोंगडीच अंगाभोवती गुंडाळायचे, दिवसा तोच पोशाख आणि रात्री तेच अंथरूण-पांघरूण. "म्हणजे मूळचे कांबळे आम्हीच," ते म्हणाले. बाबांनी विचारलं, "आणि कॅम्पबेलचा अर्थ?" चीफ जरा ओशाळले. त्यांच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ होतो वाकडं तोंड. कुणा पूर्वजाचं तोंड एका बाजूला वाकडं होतं, तेच नाव सगळ्या कुळाला चिकटलं. मी आईला भाषांतर करून सांगितलं. आई रश्शात भाकरी कुस्करत होती. ती वर न बघता म्हणाली, "अगं बाई. म्हणजे त्या पुरणपोळीवाल्या काकू कॅम्पबेल."

बाबा इतके हसले की त्यांना खराखुरा ठसका लागला. तेव्हापासून आमच्या घरात तो सांकेतिक शब्द झाला. कुठे समारंभात, देवळाबाहेर, बसस्टॉपवर आमचं आडनाव ऐकून कुणाच्या तोंडाचा कोपरा खाली गेला, की आई मला कोपरानं ढोसायची आणि पुटपुटायची, "कॅम्पबेल." त्यानं अपमान कमी होत नसे, पण हसू दाबण्यात तो विसरायला व्हायचा.

मग चीफ निवृत्त झाले. कायमचे परत जाणार होते, स्कॉटलंडमधल्या आपल्या आर्गाइलला, जिथून सगळे कॅम्पबेल निघाले म्हणतात. जाण्याआधी सिंगापुरातल्या कॅम्पबेल मंडळींचं वार्षिक जेवण होतं, आणि ते चीफचं शेवटचं. या जेवणात प्रत्येक घरानं उठून आपलं नाव सांगायचं, आपली शाखा कुठून कुठे गेली ते सांगायचं आणि जगाच्या नकाशावर टाचणी लावायची, अशी रीत होती. चीफनी कितीतरी वर्षं तिथे "माझा एक भारतीय कझिन आहे" म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि आता त्यांना तो दाखवायचाच होता. बाबांनी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. भर सभेत उभं राहून आडनाव सांगायचं, या एकाच गोष्टीपासून ते आयुष्यभर पळत आले होते. आईनं इस्त्री करता करता स्पष्ट सांगितलं, "हे बघा, तिथं तुम्ही खोकलात तर त्या म्हाताऱ्याची शोभा होईल. आणि इथून पुढं तुम्ही जन्मभर खोकत राहाल. जायचं तर नीट बोलायचं, नाहीतर घरी बसू, मी पिठलं करते."

सगळ्यांनी आपापल्या शाखेच्या चौकड्यांचं कापड अंगावर घालून यायचं होतं. आमचा चौकडा कुठला? आईनं शेल्टर उघडलं. बाबांच्या एकुलत्या एका सुटावर तिनं घोंगडी खांद्यावरून तिरकी टाकली आणि माझ्या बाळपणीच्या लंगोटाची मोठी पिन लावली. अशा थाटात आम्ही एमआरटीत बसलो. घोंगडीनं डब्यात हळूहळू आपला सुगंध पसरवला. समोरच्या आंटी उठून दोन सीट पलीकडे गेल्या, आणि एका लहान मुलीनं आईला विचारलं, "मम्मी, दॅट अंकल सिक इज इट?" बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण ते ताठ बसले होते. मी त्या वयात होते जेव्हा आईबापांबरोबर एका डब्यात बसणं हीच शिक्षा वाटते, तरी मला त्यांचा एकदम अभिमान वाटला. अर्थात मी बसले होते दोन सीट पलीकडे, त्या आंटींजवळ.

हॉटेलच्या हॉलमध्ये कुणीतरी "कॅम्बल" अशी हाक मारली आणि सगळा हॉल वळला. बाबा आईच्या कानात म्हणाले, "अगदी आपल्या वस्तीत आल्यासारखं वाटतंय." घागऱ्यातले चीफ धावत आले. त्यांनी आमच्या नावाचे बिल्ले तयार ठेवले होते, त्यांच्या स्पेलिंगचे, पीसकट. बाबांनी खिशातून पेन काढलं, पी खोडला, आणि बिल्ल्यावर आपलं स्पेलिंग घातलं. चीफनी नुसता बाबांचा खांदा दाबला आणि मग हात हुंगून बघितला. एवढ्यात बॅगपाइप वाजायला लागले आणि वाजवणाऱ्याच्या मागून चांदीच्या थाळीत हॅगिस आलं. सगळे आदरानं उभे राहिले. "वजडीची वरात," आई म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन तीही उभी राहिली.

मंडळाच्या सेक्रेटरीबाई उंच, काटक, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांनी आधी कुळाचा इतिहास सांगितला, आणि तो लांबला. कॅम्पबेल आर्गाइलहून कसे पसरले, समुद्रापलीकडे आयर्लंडातल्या अल्स्टरला, मग कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला. जुन्या कागदांत हे आडनाव के या अक्षरानंही लिहिलेलं सापडतं आणि त्यात पी नसतो, पी नंतर कुणीतरी आत घुसवला, हेही त्यांनी सांगितलं. मग एकेक जण उठून टाचणी लावू लागला. जमैकाचे एक कॅम्पबेल उठले, जहाजांची तपासणी करणारे सर्व्हेअर, रंगानं बाबांपेक्षाही काळे, आवाज नगाऱ्यासारखा. ते म्हणाले, "आमच्या लोकांनी हे नाव आणलं नाही. उसाच्या मळ्याचा मालक कॅम्पबेल होता. त्यानं पोत्यांवर लिहिलं तसं आमच्यावर लिहिलं. तो घरी गेला, नाव राहिलं. आता आम्ही तिकडे इतके झालोय, की तुम्हाला कॅम्पबेल बघायचे असतील तर आमच्याकडे या." लोक हसले, पण जरा जपून. बाबा हसले नाहीत. ते त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

मग चीफनी बाबांना पुढे नेलं. टाचणीचं डोकं एवढं मोठं होतं की ते मिरजेवर लावल्यावर त्याखाली सांगली, कोल्हापूर आणि थोडा कर्नाटक झाकला गेला. सेक्रेटरीबाईंनी चष्मा वर करून बिल्ला वाचला. "तुमच्या स्पेलिंगमध्ये चूक झालीय," त्या म्हणाल्या. "आणि क्षमा करा, पण हे जेवण या नावाच्या लोकांसाठी आहे." चीफच्या तांबड्या भुवया पडल्या. बाबांचा हात गळ्याकडे गेला, आणि मी ओळखलं की आता ठसका येणार. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, आणि ते शाळेत निघतं तसं आमच्या सिंगापुरी इंग्रजीतच निघालं, "बट आंटी, यू जस्ट नाऊ सेड गॉट के, नो पी, व्हॉट. माय फादर्स वन इज द ओरिजिनल वन, लाह."

सगळ्यात आधी जमैकाचे कॅम्पबेल हसले. ते हसले म्हणजे टेबलावरचे ग्लास किणकिणले. मग चीफ, मग सगळेच. सेक्रेटरीबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा सावकाश खाली गेला. आईनं मला कोपरानं ढोसलं. "या मात्र अस्सल," ती म्हणाली.

बाबा खोकले नाहीत. त्यांनी घोंगडी सारखी केली आणि म्हणाले, "माझं नाव भास्कर कांबळे." हॉलच्या मागच्या वेटरलाही ऐकू गेलं असेल. "आम्ही सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडचे. तिकडे बाजारात 'ए कांबळे' म्हटलं तर अर्धा बाजार वळतो. माझी बायको माहेरचीही कांबळे, त्यामुळे ती दुप्पट आहे. पोटामागे आमची माणसं मुंबईच्या गोदीत आली. माझे वडील जहाजातला माल उचलायचे, मी जहाजाचं इंजिन चालवलं. जहाज जिथे थांबलं तिथे एखादा कांबळे उतरत गेला. हे नाव आम्हालाही विचारून ठेवलेलं नव्हतं. आम्ही कोण ते दुरून ओळखता यावं, म्हणून लोकांना ते हवं असतं. मी जन्मभर ते हळू सांगितलं. या चीफनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, कुठल्या बाजूचा तू, आणि उत्तर ऐकून त्यांना आनंद झाला. माझं आडनाव ऐकून असा आनंद झालेला तोवर मी कुणी पाहिला नव्हता." एवढं बोलून त्यांनी हातातला संत्र्याच्या सरबताचा ग्लास उचलला आणि आपल्या माणसांत म्हणतो तसं म्हणाले, "जयभीम." सगळ्या हॉलनं ग्लास उंचावले आणि एका सुरात उत्तर दिलं, "जाय बीम." त्यांना वाटलं ही आमच्याकडची चिअर्स असावी. आई इतकी हसली की तिला रडू आलं, आणि मग बराच वेळ ते रडूच राहिलं.

निघताना बाबांनी घोंगडी काढून चीफच्या खांद्यावर घातली. ती आज आर्गाइलमध्ये, चीफच्या मुलीच्या घरी, शेकोटीजवळच्या खुर्चीवर आहे. इतक्या वर्षांनी बिचारीला योग्य हवामान मिळालं. हल्ली इंटरनेटवर आडनाव टाकलं की ते जगात कुठे कुठे आहे याचा रंगीत नकाशा येतो. माझा मुलगा मला तो दाखवतो आणि म्हणतो, "सी, स्कॉटलंड गॉट नो कांबळे, मम्मी." मी त्याला सांगते की त्या नकाशात घोंगड्या धरत नाहीत.

त्या जेवणानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही पुन्हा लिटिल इंडियात होतो. आई पोह्यांची पिशवी दाबून बघत होती, आणि समोरून त्या पुरणपोळीवाल्या काकू आल्या. बरोबर त्यांच्याकडे पुण्याहून आलेले एक पाहुणे होते, शर्ट कडक, कपाळ मोठं. काकूंनी ओळख करून दिली, "हे भास्कर, इथलेच, हार्बरफ्रंटला असतात," आणि आडनावाच्या जागी त्या स्वतःच जरा खोकल्या. बाबा पुढे झाले. "कांबळे," ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं की गल्ल्यावरचा तमिळ मुलगा दचकला. पाहुणे "हो का, वा वा" म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा हळूच खाली गेला. आईनं पोह्यांच्या पिशवीत तोंड लपवलं. बाबांचा चेहरा मात्र खुलला. परमुलखात आपलं माणूस भेटावं तसा त्यांनी पाहुण्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "अरे वा, तुम्ही कॅम्पबेल का?"

"नाही, नाही," पाहुणे गोंधळून म्हणाले, आणि त्यांनी आपलं आडनाव इतक्या हळू सांगितलं, की मला ते आजतागायत कळलेलं नाही.